दोन मोटारी आणि एक अदलाबदल

गेल्या वर्षीं वसंतऋतूच्या आरंभीं माझ्या एका बालमित्राचें पत्र आलें. हे गृहस्थ मूळचे पुण्याचे. पण गेलीं तीस-बत्तीस वर्षें जर्मनींतील स्टुटगार्ट शहराच्या आसपास राहतात. व्यवसाय यंत्रज्ञाचा, आणि छंद एकच : जुनी मोटार. त्यांच्याजवळ १९६४ सालची पोर्शे ३५६ आहे. ती त्यांनीं एका वृद्ध शेजाऱ्याकडून मोडक्या स्थितींत घेतली आणि त्याच शेजाऱ्याच्या देखरेखीखालीं सात हिवाळे खपून पुन्हां रस्त्यावर आणली. तो शेजारी आतां हयात नाहीं. पत्रांतील मुख्य मजकूर असा होता : "एक व्यापारी माझी ३५६ घेऊन १९६८ सालची ९११ द्यावयास तयार आहे; वर थोडी रक्कम मला भरावी लागेल. मोटारखाना एकच, तेव्हां दोन्ही ठेवतां येणार नाहींत. मी सदुसष्ट वर्षांचा झालों. घाट चढतांना मागून येणाऱ्या मालमोटारी मला हांकलीत नेत आहेत असें वाटतें. तूं इतिहासाचा माणूस आहेस. सांग, काय करूं?"

प्रथमदर्शनीं मला हा प्रश्न श्रीमंती चोजल्यांपैकीं एक वाटला. ज्याला घरच्या मोटारीखेरीज दुसरी मोटार परवडते, त्यानें तिसरीसाठीं झुरावें आणि सल्ला मात्र इतिहासाकडे मागावा, हें थोडें हास्यास्पदच! परंतु या दोन मोटारींची हकीकत जसजशी मी आठवूं लागलों, तसतसें माझ्या ध्यानांत आलें कीं, त्यांचा सारा इतिहास हा अदलाबदलींचाच इतिहास आहे. जुनें द्यावें केव्हां, आणि कितीहि मोठ्या मोबदल्यासाठीं देऊं नये केव्हां, हा प्रश्न त्या कारखान्यापुढें आणि त्याच्याशीं निगडित झालेल्या माणसांपुढें पुनःपुन्हां उभा राहिला आहे. तोच इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म १८७५ सालीं बोहेमियांत झाला. १९३१ सालीं त्यांनीं स्टुटगार्ट येथें स्वतःची आरेखन-कचेरी काढली. 'फोक्सवागेन' म्हणजे लोकांची मोटार, ही जगप्रसिद्ध गाडी याच कचेरींतून निघाली. आणि ती हिटलरच्या राजवटीच्या आश्रयानें निघाली, हेंहि विसरून चालणार नाहीं. युद्धाच्या अखेरच्या काळांत, १९४४ सालीं, बाँबवर्षावाच्या भीतीनें कचेरीचें बिऱ्हाड ऑस्ट्रियांतील ग्म्युंड या लहानशा गांवीं हलविण्यांत आलें. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनीं वृद्ध पोर्शे यांस अटक केली, आणि १९४७ पर्यंत ते बंदिवासांत राहिले. मागें राहिलेले चिरंजीव फेरी पोर्शे यांनीं एका इटालियन धनिकासाठीं शर्यतीची मोटार आंखून दिली, आणि त्या कामाच्या पैशांतून वडिलांच्या सुटकेची रक्कम उभी केली.

अशा दारिद्र्याच्या दिवसांत ग्म्युंड येथें पहिली पोर्शे मोटार जन्मास आली. ८ जून १९४८ रोजीं तिला रस्त्यावर फिरण्याचा परवाना मिळाला. तिचा कारखान्यांतील अनुक्रमांक ३५६; तेंच तिचें नांव झालें. इंजिन फोक्सवागेनचेंच होतें; चार नळकांड्यांचें, पाण्याऐवजीं वाऱ्यानें थंड होणारें. पहिल्या नमुन्यांत तें चालकाच्या पाठीशीं होतें; पुढें सामानाला जागा हवी म्हणून तें अगदीं मागच्या टोकाला गेलें आणि तेथेंच राहिलें. ॲल्युमिनियमचे पत्रे लांकडी सांच्यावर हातोडीनें ठोकून गाडीचें अंग घडवीत. शक्ति अवघी चाळीस अश्वांची. पण अंग हलकें आणि आकार वाऱ्याला न अडविणारा, म्हणून त्या चाळीस अश्वांचें काम डोळ्यांत भरे. ग्म्युंड येथें अशा सुमारें पन्नासच गाड्या झाल्या. १९५० सालीं बिऱ्हाड पुन्हां स्टुटगार्टला आलें, पत्रा पोलादाचा झाला, आणि १९६५ पर्यंत तिच्या सुमारें ७६ हजार गाड्या बाहेर पडल्या. वृद्ध पोर्शे मात्र ३० जानेवारी १९५१ रोजींच वारले. त्याच वर्षीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत आपल्या वर्गांत या गाडीनें मिळविलेलें यश पाहावयास ते राहिले नाहींत.

आतां पहिली अदलाबदल. हिचा उल्लेख जाहिरातींच्या पुस्तिकांत पुष्कळ वर्षें होत नसे. १९३१ सालीं ती कचेरी निघाली तेव्हां तिचे भागीदार तिघे होते : पोर्शे, त्यांचे जामात आंटोन पिएख, आणि आडोल्फ रोझेनबर्गर नांवाचे शर्यतपटु. रोझेनबर्गर यांचा भाग शेंकडा दहा होता, आणि आरंभींच्या अडचणींत त्यांनीं पैसाहि पुरविला होता. ते ज्यू होते. १९३५ सालीं त्यांचा भाग केवळ दर्शनी किंमतीला काढून घेण्यांत आला. त्याच वर्षीं त्यांना पकडून छळछावणींत डांबण्यांत आलें. सुटल्यावर त्यांनीं देश सोडला आणि अखेर ते अमेरिकेंत स्थायिक झाले. युद्धानंतर त्यांनीं न्याय मागितला. १९५० सालीं तडजोड झाली ती अशी : पन्नास हजार मार्क आणि एक मोटार. मोटार फोक्सवागेन घ्यावी कीं पोर्शे ३५६ घ्यावी, हें त्यांच्या मर्जीवर सोडलें होतें.

त्यांनीं फोक्सवागेन घेतली.

या निवडीचें कारण काय असावें, हा तर्काचा विषय आहे, आणि मी तो करीत नाहीं. तथापि शेंकडा दहा भागाच्या बदल्यांत एक गाडी पुढें आली असतां, आपण ज्या नांवाच्या उभारणीला हातभार लावला तेंच नांव धारण करणारी गाडी त्या गृहस्थानें घेतली नाहीं, ही गोष्ट मनाला चटका लावून जाते. मोबदला म्हणजे केवळ दोन वस्तूंच्या किंमतींचा ताळा नव्हे. देणारा आणि घेणारा यांच्यामध्यें पूर्वीं काय घडलें, तेंहि तराजूच्या पारड्यांत पडतेंच.

दुसरी अदलाबदल आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. न्यूयॉर्कचे मोटारव्यापारी मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहावरून १९५४ सालीं ३५६ ची एक साधी, उघडी, कमी किंमतीची आवृत्ति निघाली. तिचें नांव स्पीडस्टर. किंमत तीन हजार डॉलरांच्या किंचित् आंत. कॅलिफोर्नियाच्या उन्हांत ती तरुणांची आवडती झाली. तिच्या धन्यांमध्यें जेम्स डीन हा चोवीस वर्षांचा नट होता. १९५५ च्या मार्चमध्यें त्यानें ती पाम स्प्रिंग्स येथील शर्यतींत पळविली आणि नवख्यांच्या शर्यतींत जिंकलीहि. पुढें एका चित्रपटाचें काम चालूं असेपर्यंत शर्यतींत उतरावयाचें नाहीं, अशी निर्मात्यांनीं त्याला अट घातली. काम संपत आलें, आणि सप्टेंबरच्या २१ तारखेस त्यानें स्पीडस्टर देऊन पोर्शेचीच ५५० स्पायडर ही गाडी घेतली. ही गाडी रस्त्यासाठीं नव्हे, शर्यतीसाठींच घडविलेली. वजन सुमारें साडेपांचशें किलो, शक्ति ११० अश्वांची, इंजिन चालकाच्या पाठीशीं, आणि एकंदर गाड्या झाल्या त्या शंभराच्याहि आंत. नवव्या दिवशीं, ३० सप्टेंबर रोजीं, सालिनास येथील शर्यतीला ती चालवीत नेत असतां एका चौकांत समोरून येऊन वळणाऱ्या मोटारीवर ती आदळली, आणि डीन मरण पावला. त्याच्या शेजारीं बसलेला कारखान्याचा यंत्रज्ञ जबर जखमी होऊन वांचला.

या अपघाताचा दोष स्पायडर गाडीवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. वळणारी मोटार दुसऱ्याची होती, आणि संध्याकाळ होत आली होती. तरीहि एक गोष्ट निर्विवाद आहे. स्पीडस्टर त्यानें कांहीं महिने वापरून अंगवळणीं पाडली होती. स्पायडरची आणि त्याची ओळख नऊ दिवसांची होती. यंत्र बदलतां येतें एका दिवसांत. हातापायांची संवय एका दिवसांत बदलत नाहीं.

तिसरी अदलाबदल खुद्द कारखान्यानें केली, आणि माझ्या मित्राच्या प्रश्नाशीं तिचाच संबंध सर्वांत निकटचा आहे. १९६० च्या सुमारास ३५६ ही गाडी लोकप्रियतेच्या शिखरावर होती. पण तिच्या इंजिनाची मजल संपली होती. फोक्सवागेनच्या रचनेंतून निघालेलें तें इंजिन वाढतां वाढतां १६०० घनसेंटीमीटरपर्यंत आणि ९५ अश्वशक्तीपर्यंत पोंचलें. यापुढें तें ताणलें असतें तर तुटलें असतें. 'कारेरा' नांवाच्या महाग आवृत्तींत शर्यतीचें चार नळकांड्यांचें इंजिन बसवून १३० अश्वशक्ति मिळविली होती; परंतु तें इतकें गुंतागुंतीचें होतें कीं, तें नुसतें जुळवून लावणें हीच एक विद्या झाली होती. तेव्हां नवी गाडी हवी, हें ठरलें.

नवी म्हणजे कशी? चार माणसें आरामांत बसतील अशी मोठी गाडी करावी, असा एक विचार होता, आणि तसे नमुनेहि तयार झाले. फेरी पोर्शे यांनीं तो बाजूस सारला. दोन माणसें, आणि मागें मुलांपुरती जागा. इंजिन मागेंच, आणि तेंहि वाऱ्यानेंच थंड होणारें. हीं बंधनें त्यांनीं सोडलीं नाहींत. गाडीचा आकार त्यांचे चिरंजीव फर्डिनांड आलेक्झांडर यांनीं आंखला. इंजिन मात्र संपूर्ण नवें आलें : सहा नळकांडीं, दोन लिटर, आणि 'कारेरा'ला जी १३० अश्वशक्ति महत्प्रयासानें मिळे ती येथें विनासायास. सप्टेंबर १९६३ मध्यें फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत ही गाडी ९०१ या नांवानें लोकांपुढें आली. मधला आंकडा शून्य असलेलीं तीन आंकडी नांवें आमचीं आहेत, अशी हरकत फ्रान्सच्या प्यूजो कारखान्यानें घेतल्यामुळें १९६४ च्या अखेरीस शून्याच्या जागीं एक आला. आणि ९११ हें नांव जगाच्या जिभेवर बसलें.

जुन्या ग्राहकांनीं मात्र आनंदानें उड्या मारल्या नाहींत. नव्या गाडीची किंमत सुमारें २२ हजार मार्क होती. ३५६ त्याहून पुष्कळ स्वस्त होती. म्हणून कारखान्याला १९६५ सालीं नव्या अंगांत जुनें चार नळकांड्यांचें इंजिन बसवून ९१२ ही मधली गाडी सुमारें सोळा हजारांत काढावी लागली. आणि आरंभींच्या वर्षांत ती ९११ पेक्षां अधिक खपली. हॉलंडच्या पोलिसांची निष्ठा तर याहून दृढ! ३५६ चें उत्पादन थांबल्यावरहि, १९६६ सालीं, त्यांच्यासाठीं खास दहा गाड्या आणखी बांधून द्याव्या लागल्या.

शिवाय नवी गाडी आरंभीं निर्दोष नव्हती. सहा नळकांड्यांचें जड इंजिन मागच्या आंसाच्याहि पलीकडे टांगलेलें. त्यामुळें ओल्या वळणावर चालकानें घाबरून एकदम पाय उचलला कीं, गाडीची शेपटी पुढें यावयास पाही. उपाय म्हणून कांहीं गाड्यांच्या पुढच्या धक्कापट्टींत दोन्ही टोकांना अकरा-अकरा किलोचीं बिडाचीं वजनें ठेवण्यांत आलीं. इतक्या नामांकित कारखान्यानें बैलगाडी उलार झाली म्हणजे पुढें धोंडा ठेवावा तसा उपाय योजावा, हें वाचून मला मौज वाटली. खरा उपाय १९६९ च्या नमुन्यापासून झाला : मागचा आंस ५७ मिलिमीटर मागें नेण्यांत आला. माझ्या मित्राला मिळावयाची गाडी १९६८ ची, म्हणजे या सुधारणेच्या आदल्या वर्षाची आहे, हें त्यानें लक्षांत ठेवावयास हवें. ती चपळ आहे यांत संशय नाहीं. त्याच वर्षींची मोंटे कार्लोची रॅली अशाच गाडीनें जिंकली. पण जिंकणारा व्हिक एल्फर्ड होता!

चौथी अदलाबदल झालीच नाहीं, आणि म्हणूनच ती सर्वांत बोधप्रद आहे. १९७० नंतरच्या दशकांत कारखान्याची सूत्रें एर्न्स्ट फुरमान यांच्या हातीं होतीं. शर्यतीच्या त्या गुंतागुंतीच्या इंजिनाचे जनक हेच. ९११ आतां म्हातारी झाली, असें त्यांचें मत पडलें, आणि १९७७ सालीं ९२८ ही गाडी पुढें आली : इंजिन पुढें, आठ नळकांडीं, थंडावा पाण्याचा. गाडी उत्तम होती. १९७८ ची युरोपांतील सर्वश्रेष्ठ मोटार म्हणून तिचा गौरवहि झाला. ९११ हळूहळू बंद करावयाची, असें जवळजवळ ठरलेंच होतें. इतक्यांत १९८१ सालीं पेटर शुट्झ हे नवे प्रमुख आले. मुख्य यंत्रज्ञ हेल्मुट बोट यांच्या खोलींत एक तक्ता टांगलेला होता. त्यावर इतर गाड्यांच्या रेषा भविष्यकाळांत लांब गेलेल्या. ९११ ची रेषा मात्र १९८१ पाशीं थांबलेली. शुट्झ यांनीं लेखणी घेऊन ती रेषा तक्त्याच्या कडेपर्यंत आणि तेथून पुढें थेट भिंतीवर ओढीत नेली, अशी हकीकत त्यांनींच पुढें अनेकदां सांगितली आहे. ९२८ चें उत्पादन १९९५ सालीं थांबलें. ९११ चें वाऱ्यानें थंड होणारें इंजिन १९९८ सालीं गेलें, पाण्याचें आलें. पण गाडी राहिली, आणि मे २०१७ मध्यें दहा लाखावी ९११ कारखान्यांतून बाहेर पडली.

श्रोतेहो, या चार हकीकती शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे एक कसोटी हातीं लागते. १९६३ सालीं जुनें टाकणें योग्य ठरलें. कारण जुन्याची मजल खरोखरच संपली होती, आणि जें मुख्य तें नव्यांत जपलें गेलें होतें. १९८१ सालीं जुनें टाकणें अयोग्य ठरलें असतें. कारण तें संपलें नव्हतें, केवळ त्याचा कंटाळा आला होता. आणि संपणें व कंटाळणें यांतील भेद तक्त्यावर दिसत नाहीं. तो पाहावयास गाडीपाशीं जावें लागतें.

या कसोटीवर मी मित्राला उत्तर लिहिलें. व्यवहाराच्या गोष्टी आधीं मांडल्या. १९६८ च्या ९११ ला ब्रेकची दोन स्वतंत्र मंडलें आहेत, त्याच्या ३५६ ला एकच; म्हणजे सुरक्षिततेचा मुद्दा ९११ च्या बाजूचा. शक्तीहि तिचीच अधिक. उलटपक्षीं गंज ही दोघींचीहि व्याधि. कारखान्यानें जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सरसकट वापरला तो १९७६ च्या नमुन्यापासून. तेव्हां व्यापाऱ्याच्या गाडीच्या रंगावर न भुलतां सतरंजी उचलून तळ पाहावा, आणि इंजिनावरील क्रमांक कारखान्याच्या मूळ नोंदीशीं ताडून पाहावा. स्वतःच्या ३५६ चा तळ त्याला ठाऊक आहे, कारण तो त्यानेंच जोडला आहे. परक्या गाडीचा तळ जाणून घ्यावयाला पुन्हां सात हिवाळे लागतील. आणि सदुसष्टाव्या वर्षीं सात हिवाळ्यांचा हिशेब पैशांच्या हिशेबाहून निराळा असतो.

शेवटीं एक प्रश्न विचारला : "त्या शेजाऱ्याबरोबर गाडी ग्म्युंडपर्यंत न्यावयाची, असें तूं मला पूर्वीं लिहिलें होतेंस. तें झालें काय? झालें नसेल, तर तुझ्या ३५६ ची मजल अजून संपलेली नाहीं. आधीं तेथें जाऊन ये. मग व्यापाऱ्याला उत्तर दे."

जूनमध्यें त्याचें दुसरें पत्र आलें. म्युनिक, साल्झबुर्ग असा रस्ता घेऊन तो एकटाच गेला होता. ग्म्युंडच्या उत्तरेस काट्‌शबर्ग नांवाची खडी खिंड आहे. पहिल्या गाड्यांची परीक्षा याच चढावर घेत असत. तो लिहितो : "चढ दुसऱ्या गिअरमध्यें चढलों. मागें सात मोटारी खोळंबल्या होत्या, मी मोजल्या. गांवांत १९८२ सालीं उघडलेलें पोर्शेचें एक खासगी संग्रहालय आहे. तेथें हातोडीनें ठोकलेलें ॲल्युमिनियमचें अंग पाहिलें, आणि आमच्या म्हाताऱ्याची आठवण झाली. तोहि पत्रा ठोकतांना डोळे मिटून घेई. म्हणे, उंचवटा बोटांना दिसतो, डोळ्यांना दिसत नाहीं. परत आल्यावर दोन दिवस गुडघा धरला होता. तिसऱ्या दिवशीं व्यापाऱ्याकडे गेलों आणि सांगितलें, या वर्षीं तरी नाहीं."

'या वर्षीं तरी' हे तीन शब्द वाचून मी थोडा थांबलों. मी त्याला कायमचा निर्णय द्यावयास निघालों होतों. त्यानें एका वर्षाची मुदत घेतली. विचार करतां त्याचेंच करणें मला अधिक शहाणपणाचें वाटूं लागलें. शुट्झ यांनीं भिंतीवर ओढलेली रेषा तरी कोठें अमर होती? पुढें जावयाचें एवढेंच ती सांगत होती; किती, हें ज्याचें त्यानें वर्षावर्षाला ठरवावयाचें असतें. पुढल्या वसंतांत गुडघा काय म्हणतो तें पाहून माझा मित्र पुन्हां पत्र लिहील, आणि तेव्हां कदाचित् मीच त्याला सांगेन कीं, बाबा, आतां दे. पण तेव्हां ती गाडी ग्म्युंडला जाऊन आलेली असेल.